सोमवारचं कालवण

मी भांडखोर नाही. हे वाक्य मी लालबागच्या नाक्यावर उभी राहून म्हटलं तर अख्खी गल्ली पोट धरून हसेल, म्हणून इथे सांगते. मला वाईट शिजवलेला मासा सहन होत नाही, एवढंच. त्यावरून कोणी मला भांडखोर म्हणत असेल तर म्हणू दे.

आमची खानावळ आहे. टेबलं सहाच, पण दुपारी बाराला बाहेर बाकड्यावर माणसं ताटकळत बसतात. सव्वीस वर्षं मी तिथे कालवण करते. गल्ल्यावर आमचे हे, म्हणजे वसंत परब, बसतात आणि गोड बोलतात. गोड बोलायचं खातं त्यांच्याकडे, शिजवायचं माझ्याकडे.

होळी झाल्यावर आमच्या नूपुरने आम्हा दोघांना जहाजावर पाठवलं. नूपुर आमची एकुलती एक, पुण्याला नोकरीला असते. "आई, लग्नाला तीस वर्षं झाली, तीन दिवस तरी चुलीपासून लांब राहा," म्हणाली. मुंबई ते गोवा आणि परत. जहाज कसलं, पाण्यावरचा मॉलच तो. वर पोहायचा तलाव, खाली गाणीबजावणी, आणि जेवायला एवढा मोठा हॉल की आमच्या खानावळी त्यात पन्नास मावतील. मी खूश होते. खोटं का बोलू?

पहिल्या संध्याकाळी मेनूत वाचलं, 'फिश मालवणी'. म्हटलं, चला, कोणाला तरी अक्कल आहे. आणि ताट आलं. नारिंगी रस्सा, त्यावर क्रीमची नक्षी, नक्षीवर पुदिन्याचं पान! माशाचे पांढरे चौकोनी तुकडे, चावले तर खोडरबर. आंबट काही नाही, लसूण नाही, खोबऱ्याचा पत्ता नाही, आणि वर गोड. मालवणी कालवण गोड! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, पोरीने एवढं हौसेने पाठवलंय, गप खा," हे म्हणाले.

"पोरीने हौसेने पाठवलंय म्हणूनच नाही खाणार," मी म्हटलं आणि ताट सरकवलं.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद देतात. सूचनांसाठी तीन ओळी. मी तीन ओळी भरल्या, कडेने लिहिलं, मग कागद उलटा केला. काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे. 'ह्याला मालवणी म्हणायचं असेल तर आधी मालवणची माफी मागा. हे ज्याने केलं त्याला किचनमधून बाहेर काढा. मासा कसा शिजवतात ते बघायचं असेल तर लालबागला या.' खाली नाव, खानावळीचा पत्ता, सगळं. मी निनावी भांडत नाही.

तीन आठवडे गेले. एका दुपारी चारच्या सुमाराला, जेवणं उरकून आम्ही खुर्च्या टेबलावर चढवत होतो तेव्हा एक मुलगी दारात आली. पंचविशीची, केस घट्ट बांधलेले, हातांवर भाजल्याचे जुने डाग. ते डाग बघूनच मला कळलं की ही स्वयंपाकघरातली आहे.

"सुचित्रा परब आपणच का?"

"मीच. जेवण संपलं. संध्याकाळी सातला ये."

"जेवायला नाही आले, काकी. मला किचनमधून बाहेर काढा असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आले."

ह्यांच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. मी तिला आत बोलावलं आणि पाणी दिलं. दुसरं काय करणार?

तिचं नाव अपूर्वा. वरळीच्या बीडीडी चाळीतली. तिथेच जन्मली, आता आईबरोबर शेजारच्या नव्या टॉवरमध्ये पंधराव्या मजल्यावर राहते. आई कमळाबाई दवाखान्यात आया होती, आता घरी असते. अपूर्वा दोन वर्षं त्या जहाजावर भाजी चिरत होती. जहाजाच्या शेफच्या मागे लागून लागून तिने एक मराठी माशाचा पदार्थ मेनूत घालून घेतला होता. कृती हिने लिहून दिली, शिजवली दुसऱ्यांनी. खोबरं महाग म्हणून काढलं, लोकांना तिखट लागेल म्हणून क्रीम घातली, आंबट कोणाला आवडत नाही म्हणून कोकम गेलं. कृतीच्या कागदावर मात्र नाव हिचंच राहिलं.

"तुमचा कागद शेफनी सगळ्यांसमोर वाचून घेतला," ती म्हणाली. "मराठी वाचणारी किचनमध्ये मीच होते. म्हणजे मीच वाचला."

मला वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की राग येतो, ही माझी जुनी खोड आहे.

"मग तेव्हाच सांगायचं नाही का, की हे मी केलेलं नाही?"

"सांगितलं. शेफ म्हणाले, मग करून दाखव." तिने पाणी संपवलं आणि पेला नीट खाली ठेवला. "माझा करार संपलाय. नवा करार द्यायचा की नाही ते आता त्यांच्या हातात आहे. सहा तारखेला जहाज बॅलार्ड पिअरला असेल. दुपारी अधिकाऱ्यांच्या टेबलावर माझ्या हाताचं कालवण वाढायचं. आणि ज्या बाईंनी तक्रार केली त्यांना घेऊन यायचं. तुम्ही हो म्हणालात तर मी मासळी विभागात कुक. नाही म्हणालात तर मला परत बोलावणार नाहीत. दोन वर्षं भाजी चिरली मी, काकी. मला त्या चुलीपाशी उभं राहायचंय."

"म्हणजे मी हो म्हणावं म्हणून आलीस?"

"नाही. शिकवा म्हणायला आले. खोटं हो मला नकोय."

पोरीचं बोलणं मला आवडलं. मी तिला सांगितलं नाही. "उद्या तीनला ये. येताना चप्पल बाहेर आणि तोंड बंद," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज यायला लागली. एक दिवस चुकली नाही. ओलं खोबरं, बेडगी मिरची, धणे, हळद, लसूण, सगळं एकत्र वाटताना पाणी किती, हे तिला दोन दिवसांत जमलं. मासा शेवटी घालायचा आणि मग टोपात डाव घालायचा नाही, टोप फडक्याने धरून गोल हलवायचा, हे तिने एकदा बघितलं आणि केलं. मला शिकवावी लागली ती एकच गोष्ट, आणि तीच मी उलटी शिकवली. ते पुढे सांगते.

आमचा पहिला खटका उडाला माशावरून.

"काकी, जहाजावर बर्फातला बासा असतो. बिनकाट्याचा. दुसरा घेता येत नाही, ठरलेल्या ठिकाणाहूनच येतो. आपण त्याच्यावर सराव करूया ना?"

"बासा! तो काय मासा आहे? माझ्या टोपात बर्फातलं काही पडणार नाही. सुरमईवर हात बसला की कशावरही बसतो."

"पण तो वेगळा लागतो..."

"तू शिकवणार की मी?"

तिने मला तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा मी तिला गप्प केलं. दादरच्या मंडईतून फडफडीत सुरमई आणायची आणि तिच्यावर धडे द्यायचे. माझा रुबाब सांभाळला गेला ना!

एक गोष्ट मात्र तिने माझ्याकडून ऐकली नाही, उलट मला शिकवली. बिनकाट्याच्या माशाला स्वतःची अशी चव नसते, डोकं आणि काटा नसला की रस्सा पोकळ राहतो. एके दिवशी ती घरून वाटीभर सोडे घेऊन आली, सुकवलेली कोळंबी. "आई म्हणाली, हे भाजून पाण्यात उकळ आणि ते पाणी रश्श्यात घाल." सुरमईच्या कालवणात सोड्याचं पाणी! मी नाक मुरडलं. पण रश्श्याला असा काही वास सुटला की गल्ल्यावरचे हे उठून आत आले. "आज काय आहे गं?" विचारायला लागले. मी मनात कमळाबाईंना हात जोडले.

आता ती दुसरी गोष्ट. चाखायची.

आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार मासे खात नाहीत. गुरुवार-शनिवार सासरचे. सोमवार माझा. नूपुर तीन वर्षांची असताना तिला ताप चढला तो उतरेना. बारा दिवस ती दवाखान्यात, डोळे मिटलेले, आणि मी खाटेच्या कडेला. बाराव्या दिवशी सोमवार होता. मी मनात म्हटलं, देवा, हिला उठव, सोमवारी मासा तोंडात घालणार नाही. संध्याकाळी पोरीने डोळे उघडले आणि "आई, पाणी" म्हणाली. ते 'पाणी' मी अजून ऐकते. चोवीस वर्षं झाली, एक सोमवार मोडला नाही.

पण खानावळ वार बघत नाही. गिऱ्हाइकाला रोज मासा लागतो. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस मी टोपभर कालवण करते आणि थेंब जिभेवर घेत नाही. वासावर आणि हातावर. मग हळूहळू बाकीच्या चार दिवशीही शिजवताना चाखायची सवय सुटली; त्या दिवशी वाढण्याआधी मी जेवून घ्यायची, तेवढंच जिभेला लागायचं. पुढे पुढे मला त्याचा अभिमानच वाटायला लागला. जे चाखतात त्यांचा हातावर भरवसा नसतो, असं मी चार बायकांत छाती पुढे काढून सांगायची.

अपूर्वाला सवय वेगळी. जहाजावर प्रत्येक कुकच्या बाहीवरच्या खिशात एक चमचा असतो. दर पायरीला चाखायचं, चमचा धुवायचा, पुन्हा खिशात. ती माझ्या टोपाकडे चमचा घेऊन आली की मी तिच्या हातावर फटका मारायची.

"चाखायचं नाही! हाताला कळलं पाहिजे. तुकड्यांना मीठ चोळायचं ते एवढं. मूठ बघ माझी. एवढं म्हणजे एवढं."

"काकी, आमच्यात वार नसतात. मी चाखलं तर चालेल की."

"वाराचा प्रश्न नाही, हाताचा आहे."

तिने माझी मूठ उचलली. अगदी माझीच. आणि चमचा खिशात गेला तो गेलाच.

शनिवारी मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सहा तारखेला सोमवार. पंधरा दिवस मी 'सहा तारीख, सहा तारीख' म्हणत होते आणि वार बघायचं सुचलं नव्हतं.

"आता काय?" हे म्हणाले.

"आता काय म्हणजे? जाणार. बसणार. वास घेणार आणि सांगणार. सव्वीस वर्षं वासावर माणसं जेवू घातली मी, सहा अधिकाऱ्यांची काय कथा?"

अपूर्वालाही तेच सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होती, आणि बोलली नाही.

सोमवारी दहा वाजता आम्ही बॅलार्ड पिअरला पोचलो. पास, पिशव्यांची तपासणी, मग तो लांब जिना. हे खालीच थांबले. वर शेफ भेटले, हितेंद्र नाव. माणूस गिरगावचा, पण शिकलेला इंग्रजीत, अर्धं बोलणंही इंग्रजीतच. "मॅडम, वेलकम. तुमच्या लेटरने आमची झोप उडवली," म्हणाले. हसून म्हणाले, पण लागेल असं. मी म्हटलं, "मासा सुधारा, झोप येईल."

मला डोक्याला जाळीची टोपी घातली आणि किचनच्या दाराशी एका स्टुलावर बसवलं. आत हात लावायचा नाही, अशी अट. माझी हरकत नव्हती. समोर स्टीलची ती भली मोठी चूल आणि तिच्यापुढे आमची अपूर्वा, पांढऱ्या कोटात. पोरगी काय शोभत होती! वाटण सुरेख झालं. सोडे भाजले तसा तिकडचा एक भांडी घासणारा माणूस मान वर करून बघायला लागला. बर्फातून काढलेले बासाचे तुकडे तिने पुसले, हळद लावली आणि मीठ उचललं. माझीच मूठ.

मग रस्सा उकळला, तुकडे आत गेले, तिने टोप फडक्याने धरून गोल फिरवला. आणि तिचा हात आपसूक बाहीवरच्या खिशाकडे गेला. चमचा निम्मा बाहेर आला होता. तिने माझ्याकडे बघितलं.

मी डोळे वटारले.

चमचा परत आत गेला. हे मी अगदी स्पष्ट सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते त्या एका डोळे वटारण्याने झालं.

टेबलावर सहा अधिकारी, शेफ आणि मी. प्रत्येकापुढे भात आणि कालवणाची वाटी. रंग अस्सल. वास असा की मला माझ्याच हाताचा भास झाला. मी वाटी नाकाशी धरली आणि खाली ठेवली, आणि मनात हो म्हणून टाकलं. आता फक्त त्यांनी खायचं बाकी होतं.

पहिला घास घेतला तो एका वयस्कर अधिकाऱ्याने. तो थांबला. पाणी प्यायला. दुसऱ्याने चमचा खाली ठेवला. तिसऱ्याने माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं आणि भाताचीच शितं चिवडायला लागला. शेफनी चाखलं, ओठ पुसले आणि दारात उभ्या असलेल्या अपूर्वाकडे न बघता म्हणाले, "सॉरी, अपूर्वा. ट्राय चांगला होता."

"काय झालं?" मी विचारलं.

"नथिंग, मॅडम. ठीक आहे."

"ठीक आहे तर खात का नाही कोणी?"

मोठी माणसं, शिकलेली, बाईला तोंडावर काय सांगायचं म्हणून गप्प. अपूर्वा हात मागे बांधून उभी. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण चेहरा पार उतरला होता. दोन वर्षं भाजी चिरलेली पोर, आणि समोरून चूल निघून चाललेली. आणि मला काय चुकलंय ते कळत नव्हतं! वास बरोबर, रंग बरोबर. नाकाने जेवढं कळतं तेवढं सगळं बरोबर. उरलेलं जिभेलाच कळणार होतं.

मी चमचा उचलला. नूपुरचे ते मिटलेले डोळे समोर आले, ते बारा दिवस आले, ते 'पाणी' आलं. देवा, म्हटलं, माझ्या पोरीला काही करू नको, ही पण कोणाची तरी पोर आहे. आणि घास तोंडात घातला.

मीठ! नुसतं मीठ! खारवलेला बांगडा बरा. मासा आतून खारट होता, तुकड्याच्या मधोमध. म्हणजे आमच्या मुठीचं मीठ वरून लागलं होतं आणि आत आधीच दुसरं होतं.

"हा बासा मिठाच्या पाण्यातून काढून बर्फात घालतात का?" मी शेफना विचारलं.

"हो, बहुतेक. फ्रोझन माल तसाच येतो."

तीन वेळा. तीन वेळा तिने विचारलं होतं, बासावर सराव करूया का.

मी उठून उभी राहिले. एवढ्या माणसांत मी आधी कधी अशी उभी राहिले नव्हते. "ऐका," मी म्हटलं. "मीठ दुप्पट पडलंय. ते हिने नाही टाकलं, मी टाकलंय. ही म्हणत होती तुमच्याच माशावर शिकूया, मी ऐकलं नाही. ही चाखणार होती, मी डोळे वटारले. मघाशी त्या स्टुलावरून. चूक माझी आहे. ह्या मुलीची परीक्षा अजून झालेलीच नाही, तुम्ही आत्ता माझी घेतलीत. मी नापास. आता हिची घ्या."

"मॅडम, वेळ झाली. लंच सर्व्हिस सुरू व्हायचीय," शेफ म्हणाले.

"जहाज कितीला सुटतं?"

"पाचला."

"आत्ता साडेबारा वाजलेत. वाटण शिल्लक आहे, सोड्याचं पाणी शिल्लक आहे. अर्धा तास पुरे. आणि नाही दिलात तर मी इथून उठणार नाही. मला उचलून खाली न्यावं लागेल, आणि मी हलकी नाही."

तो वयस्कर अधिकारी खदाखदा हसला. त्याने शेफना इंग्रजीत काहीतरी सांगितलं, माझ्या कानावर 'हाफ अवर' एवढंच पडलं. हितेंद्रनी घड्याळाकडे बघितलं आणि हात उडवले.

मी अपूर्वामागे किचनच्या दारापर्यंत गेले. तिने माझा दंड धरला.

"तुम्ही खाल्लंत काकी. सोमवारी."

"खाल्लं. त्याचं मी बघते. तू मीठ बघ."

तिने खिशातला चमचा काढला. मग म्हणाली, "एक बोलू? रागावू नका. तुमच्या खानावळीतही सोमवारी मीठ जास्तच असतं."

"काय?"

"मी दोन सोमवार जेवले तुमच्याकडे. गुरुवारीपण असतं थोडं. लोक भात जास्त घेतात त्या दिवशी, बघा तुम्ही."

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे आमची सोमवारची पंगत आली. पुन्हा पुन्हा मागितलेला भात. मी ह्यांना कौतुकाने म्हणायची, बघा, सोमवारी कशी भूक लागते माणसांना! सगळ्यांना माहीत होतं. गल्ल्यावर बसलेल्या माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत असणार.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कोण बोलणार, काकी?"

ती हे चिडून नाही म्हणाली. साधं म्हणाली, म्हणून जास्त लागलं. त्या जहाजावर ताट सरकवून, कागदाच्या दोन्ही बाजू भरून लिहिणारी मी. आणि माझ्या तोंडाला भिऊन माझ्या घरचं मीठ कोणी मला सांगितलं नव्हतं, अगदी जिचं पोट त्यावर अवलंबून होतं तिनेही नाही.

"आता बोल," मी म्हटलं. "आता काय करायचं ते तू सांग."

"तुम्ही टेबलावर जाऊन बसा. इथे उभ्या राहू नका."

मला माझ्या आयुष्यात कोणी किचनमधून बाहेर काढलं नव्हतं. मी गेले.

दाराच्या काचेतून तिची पाठ तेवढी दिसत होती. चमचा बाहेर, तोंडात, नळाखाली, खिशात. पुन्हा बाहेर. मध्येच तिने एक कच्चा तुकडा वाफवून खाऊन बघितला, नुसताच. मला ते कधी सुचलं नसतं. मी खुर्चीत हाताची घडी घालून बसले आणि ओठ आवळून गप्प राहिले, आणि सांगते, ती पंचवीस मिनिटं मला बाळंतपणापेक्षा जड गेली.

वाट्या आल्या. अधिकाऱ्यांपुढे, शेफपुढे. माझ्यापुढे अपूर्वाने स्वतः ताट आणून ठेवलं. त्यात वरणभात आणि लिंबाची फोड.

"हे काय?"

"सोमवार आहे ना तुमचा."

"तो मोडला की मघाशी."

"मघाशी काय चुकलं ते बघायला मोडलात. आता काही चुकलेलं नाही, मग कशाला मोडता?"

टेबलावर चमचे वाजायला लागले होते. कोणाच्या वाटीत किती उरलं ते मी बघितलं नाही, शपथ. मला ते बघून ठरवायचं नव्हतं.

शेफनी रुमालाने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळले. "सो, मॅडम. फायनल तुमचं. येस ऑर नो?" मग त्यांची नजर माझ्या ताटावर गेली. "पण तुम्ही तर घेतलंच नाही."

"मीठ कसं आहे?" मी अपूर्वाला विचारलं.

"बरोबर आहे."

"नक्की?"

"चार वेळा चाखलं, काकी. बरोबर आहे."

सव्वीस वर्षांत दुसऱ्याच्या जिभेवर मी एक टोप उतरवला नव्हता. ना जावेच्या, ना नवऱ्याच्या. ह्या पोरीचं सगळं माझ्या एका शब्दावर अडलं होतं आणि माझ्याकडे आता स्वतःची खात्री अशी काहीच नव्हती, तिची होती. मी शेफकडे वळले.

"हो," मी म्हटलं. "ही बरोबर म्हणते ना? मग बरोबर आहे. लिहा माझ्या नावावर."

हितेंद्रनी रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. मग अपूर्वाला म्हणाले, "पुढच्या सोमवारी बॅग घेऊन ये. फिश सेक्शन." आणि स्वतःच्या वाटीत राहिलेल्या रश्श्यात त्यांनी भात ओढला.

अपूर्वा "येस शेफ" म्हणाली. खणखणीत म्हणाली. मग माझ्या खुर्चीमागे आली, माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि त्या सगळ्या अधिकाऱ्यांसमोर ढसाढसा रडली. माझ्या साडीचा खांदा भिजला. मी एका हाताने तिचं डोकं थोपटत होते आणि दुसऱ्या हाताने वरणभात कालवत होते, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

पहिला घास घेतला आणि मी तिला म्हटलं, "अगो बाय, वरण कोणी केलंय? मीठ कमी आहे."

"माहितेय," ती नाक ओढत म्हणाली. "मीच कमी टाकलंय. तुम्हाला जास्तीची सवय झालीय, काकी. आता मोडा."